अटकेला जन्मलेला शिक्षणमंत्री

अटक हे नाव मराठी माणसाला एकाच कारणाने ठाऊक असते. १७५८ साली मराठी फौजा तिथवर पोचल्या आणि ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत कायमचा येऊन बसला. सिंधूच्या काठच्या त्याच अटकेला ९ डिसेंबर १९०२ रोजी एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. रिचर्ड ऑस्टिन बटलर हे त्याचे नाव. आद्याक्षरे जुळवली की ‘रॅब’ होते, आणि पुढे ब्रिटनच्या राजकारणात शत्रू-मित्र सगळे त्याला त्याच नावाने ओळखू लागले. इंग्लंड आणि वेल्समधील प्रत्येक मुलाला माध्यमिक शिक्षण विनामूल्य मिळवून देणारा १९४४ चा शिक्षण कायदा या रॅबचा. तिकडे त्याला आजही ‘बटलर कायदा’ असेच म्हणतात.

मी या माणसापर्यंत पोचलो तो मात्र इंग्लंडच्या वाटेने नव्हे, पुण्याच्या वाटेने. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाविषयी वाचत असताना सरकारच्या बाजूने बोलणारे एक बटलर भेटले. आडनावाचा योगायोग असेल, असे धरून मी पुढे गेलो होतो. नंतर कळले की व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील ते पहिले शिक्षण सदस्य, सर हारकोर्ट बटलर, रॅबचे सख्खे काका होते.

गोखल्यांचे विधेयक आज वाचले तर त्याचा सौम्यपणाच डोळ्यांत भरतो. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी ते मांडले. सक्ती सरसकट नव्हतीच. ज्या नगरपालिकांची आणि जिल्हा मंडळांची इच्छा असेल त्यांनी, तीही सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी ती लागू करावी आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, एवढीच मागणी होती. इंग्लंडने १८७० आणि १८८० च्या कायद्यांनी जे केले त्याचाच हा जपून केलेला अनुवाद होता. शिवाय बडोद्यात सयाजीरावांनी तो प्रयोग आधीच करून दाखवला होता. तरीही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले. हारकोर्ट बटलर आणि सरकारपक्ष यांच्या युक्तिवादाचे सार असे की लोकांची तशी मागणी नाही, पैसा नाही, ऐच्छिक मार्गाने अजून बरेच साधण्यासारखे आहे. थोडक्यात, वेळ आलेली नाही. हारकोर्ट हे शिक्षणाचे शत्रू होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, लखनौ विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा आहे. पण शेतकऱ्याच्या मुलाला अक्षरओळख देण्याची घाई त्यांना नव्हती. आमच्या पिढीला आपल्या अपयशांतूनच देशाची सेवा करावी लागणार, अशा आशयाचे उद्गार गोखल्यांनी काढले, आणि तीन वर्षांत ते गेले. पुतण्या रॅब तेव्हा नऊ वर्षांचा होता.

या मुलाच्या लहानपणातली एक घटना त्याला जन्मभर पुरली. वयाच्या सहाव्या वर्षी, १९०९ मध्ये, भारतातच घोडेस्वारी करताना तो पडला, उजवा हात तीन ठिकाणी मोडला आणि तो पुढे कधीच नीट चालला नाही. ज्या घरात आणि ज्या वर्गात मैदानी खेळ आणि सैन्यातली नोकरी हीच पुरुषार्थाची खूण मानली जात होती, तिथे त्याला दोन्ही वाटा बंद झाल्या. उरली ती पुस्तकांची वाट. केंब्रिजला तो चमकला, १९२६ मध्ये कापड उद्योगातील बड्या कोर्टोल्ड घराण्यातील सिडनीशी लग्न झाले, सासऱ्याने तहहयात वार्षिक तनखा बांधून दिल्यामुळे पोटाची चिंता मिटली, आणि १९२९ मध्ये सॅफ्रन वॉल्डन मतदारसंघातून तो हुजूर पक्षाचा खासदार झाला. त्या वेळी त्याचे वडील, सर माँटेग्यू बटलर, नागपुरात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे गव्हर्नर होते. १९२५ ते १९३३ अशी आठ वर्षे त्यांनी तिथे काढली.

हिंदुस्थान खात्याचा उपमंत्री म्हणून १९३५ चा भारत सरकार कायदा कॉमन्स सभेत कलमागून कलम पुढे नेण्याचे कष्ट रॅबने उपसले. ब्रिटिश पार्लमेंटने तोवर केलेला हा सर्वांत लांबलचक कायदा, आणि त्याला स्वपक्षातून सर्वांत कडवा विरोध करणारे गृहस्थ म्हणजे विन्स्टन चर्चिल. पुढच्या कथेसाठी हे लक्षात ठेवायला हवे. १९३८ पासून परराष्ट्र खात्यात असताना रॅबने पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हिटलरशी जुळवून घेण्याच्या धोरणाचा मनापासून पुरस्कार केला. हा डाग त्याच्यावर कायमचा राहिला, आणि माझ्या मते तो राहणे रास्तच आहे.

जुलै १९४१ मध्ये चर्चिल यांनी त्याला शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद, म्हणजेच शिक्षणमंत्रिपद, देऊ केले. युद्धाच्या धामधुमीत शिक्षण खाते म्हणजे अडगळीची खोली. रॅबच्या आत्मचरित्रातील हकिकतीनुसार हा आपला अपमान आहे असे त्याला वाटेल, अशी चर्चिल यांची अपेक्षा होती, आणि तो खूश झालेला पाहून तेच चकित झाले. त्याने मोठ्या शिक्षण विधेयकाचा विषय काढला तेव्हा त्यांनी सप्टेंबरात स्पष्ट बजावले की युद्ध चालू असताना पक्षापक्षांतले आणि विशेषतः चर्चचे जुने भांडण उकरून काढायचे नाही. काकांनी गोखल्यांना जे ऐकवले तेच पुतण्याला त्याच्या पंतप्रधानाने ऐकवले. रॅबने वाद घातला नाही. त्याने ऐकून घेतले आणि कामाला लागला.

खात्यातील अधिकाऱ्यांनी, बाँबहल्ल्यांमुळे बोर्नमथच्या समुद्रकाठी हलवलेल्या कार्यालयात बसून, युद्धोत्तर शिक्षणाचा आराखडा रॅब येण्याआधीच तयार केला होता. रॅबला जोडीदार मिळाला तोही विलक्षण. उपमंत्री जेम्स च्यूटर ईड हे मजूर पक्षाचे, एके काळी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवलेले गृहस्थ. चर्चिल यांनी त्यांना दुसऱ्या खात्यात हलवायचे ठरवले तेव्हा ईड यांनी बढतीकडे पाठ फिरवून शिक्षणातच राहणे पसंत केले. श्रीमंत घरचा हुजूर आणि मजूर पक्षाचा मास्तर या दोघांनी मिळून जे केले त्याचा खरा कस शाळांच्या प्रश्नावर नव्हे, धर्माच्या प्रश्नावर लागला.

हा गुंता समजून घेतल्याशिवाय बटलर यांचे मोठेपण कळत नाही. इंग्लंडमधील जवळपास निम्म्या शाळा चर्चच्या मालकीच्या होत्या. त्यांतल्या कित्येक इमारती जुनाट, गळक्या, आणि दुरुस्तीला चर्चजवळ पैसा नव्हता. सरकारने पैसा द्यावा तर अँग्लिकनेतर, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या, प्रॉटेस्टंट पंथांचे लोक खवळत. १९०२ च्या कायद्याने चर्चच्या शाळांना स्थानिक करातून पैसा दिला तेव्हा या लोकांनी कर भरायला नकार दिला होता. त्यांच्या घरातल्या वस्तू जप्त झाल्या, काही जण तुरुंगातही गेले. ज्या खेड्यात एकच शाळा आणि तीही अँग्लिकन, तिथल्या मेथडिस्ट आईबापांची अडचण आपल्याला सहज समजू शकते. या भांडणाने चाळीस वर्षे प्रत्येक शिक्षणमंत्र्याला हात पोळून घ्यायला लावले होते.

बटलर आणि ईड यांनी शाळांपुढे दोन दारे ठेवली. एका दाराने गेलेल्या शाळेचा सगळा खर्च स्थानिक शिक्षण प्रशासन करील, पण धर्मशिक्षण मुख्यतः सर्व पंथांनी मिळून मान्य केलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे होईल. दुसऱ्या दाराने गेलेल्या शाळेला शिक्षकनेमणुकीचा आणि स्वतःच्या पंथाचे शिक्षण देण्याचा हक्क राहील, मात्र इमारतीच्या सुधारणेचा निम्मा खर्च तिने सोसायचा. जोडीला प्रत्येक सरकारी शाळेत रोजची सामुदायिक प्रार्थना सक्तीची केली. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांना बटलर यांनी आपल्या बाजूला वळवले, ते शाळांच्या दुरवस्थेची वस्तुस्थिती समोर ठेवून. कॅथलिक धर्मगुरू अखेरपर्यंत नाराज राहिले, पण विधेयक बुडवण्याइतके नाही. निखळ तत्त्वाच्या कसोटीवर ही तडजोड लंगडी आहे. शाळेतल्या प्रार्थनेची सक्ती तर मला अजिबात पटत नाही. पण गळक्या छपराखाली बसलेल्या मुलाला तत्त्वाचा उपयोग नव्हता, आणि बटलर यांनी ते ओळखले.

जुलै १९४३ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात विधेयक आले. मार्च १९४४ मध्ये एक गमतीचा, खरे तर लाजिरवाणा प्रसंग घडला. शिक्षिकांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे अशी दुरुस्ती हुजूर पक्षाच्याच थेल्मा कॅझलेट-कीर यांनी मांडली आणि ती ११७ विरुद्ध ११६, म्हणजे एका मताने मंजूर झाली. चर्चिल यांनी तो विश्वासदर्शक ठरावाचा प्रश्न केला आणि युद्धाच्या ऐन धामधुमीत सरकार कोण पाडणार, म्हणून सभागृहाने आपलाच निर्णय दोन दिवसांत फिरवला. या बायकांनाही उत्तर तेच मिळाले होते: आत्ता नको. अकरा वर्षांनी, १९५५ मध्ये, सरकारी नोकरीतील स्त्रियांना टप्प्याटप्प्याने समान वेतन देण्याची घोषणा अर्थमंत्र्यांनी केली आणि त्यापाठोपाठ शिक्षिकांचीही सोय झाली. ते अर्थमंत्री होते बटलर.

३ ऑगस्ट १९४४ रोजी कायद्यावर राजाची मोहोर उमटली. शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ करायचे आणि पुढे १६ पर्यंत न्यायचे ठरले. सरकारी माध्यमिक शाळांतील फी गेली. शाळेत जेवण आणि दूध देणे प्रशासनाचे कर्तव्य ठरले. लग्न केले म्हणून शिक्षिकेला नोकरीवरून काढण्याची प्रथा बंद झाली. ३१५ स्थानिक शिक्षण प्रशासनांची संख्या १४६ वर आली. वय वाढवण्याचे प्रत्यक्ष ओझे मजूर सरकारच्या शिक्षणमंत्री एलन विल्किन्सन यांनी पेलले. वर्गखोल्या नाहीत, शिक्षक नाहीत, तेव्हा पुढे ढकला, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी त्या भांडल्या. तात्पुरत्या बराकींत वर्ग भरवून १ एप्रिल १९४७ रोजी ते अमलात आले. विल्किन्सन त्याआधी दोन महिने वारल्या होत्या.

कायद्यात नसलेली गोष्टच पुढे त्याच्या नावावर जमा झाली. मुलांना त्यांचे ‘वय, क्षमता आणि कल’ पाहून शिक्षण द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. या तीन शब्दांवर अकराव्या वर्षीच्या परीक्षेचा डोलारा उभा राहिला. उत्तीर्ण झालेला पुस्तकी अभ्यासावर भर देणाऱ्या ग्रामर शाळेत, बाकीचे ‘मॉडर्न’ शाळेत, आणि मधली तांत्रिक शाळा बहुतेक ठिकाणी कागदावरच. आपल्याकडे चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत नाव आले नाही तर फार तर मावशीसमोर मान खाली जायची. तिथे शाळाच वेगळी व्हायची आणि बहुधा आयुष्यही. १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांच्या परिपत्रकाने ही विभागणी मोडायला सुरुवात केली, तरी काही परगण्यांत ग्रामर शाळा अजून आहेत. श्रीमंतांच्या खासगी ‘पब्लिक’ शाळांना मात्र बटलर यांनी हात लावला नाही. तो प्रश्न समितीकडे सोपवून त्यांनी बाजूला सारला. युद्धकाळात त्या शाळांची आर्थिक स्थिती खालावलेली होती, बदलाची तीच वेळ होती. इथे मात्र ‘वेळ आलेली नाही’ हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले.

पुढची कारकीर्द नावाजलेली आणि अपुरी. १९५१ पासून अर्थमंत्री, मग गृहमंत्री, शेवटी परराष्ट्रमंत्री. पंतप्रधानपद १९५७ मध्ये मॅकमिलन यांच्याकडे गेले आणि १९६३ मध्ये ह्यूम यांच्याकडे. दुसऱ्या वेळी त्यांनी मंत्रिमंडळात यायला नकार दिला असता तर ह्यूम यांना सरकार बनवणे जड गेले असते, असे अनेकांचे मत होते. बटलर यांनी पक्ष फोडला नाही. १९६५ ते १९७८ ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे मास्टर होते, राजपुत्र चार्ल्स त्यांच्याच काळात तिथे शिकले. ८ मार्च १९८२ रोजी ते वारले.

१९४४ च्या कायद्यातले १६ वर्षांचे वचन पुरे व्हायला १९७२ उजाडावे लागले. तेव्हा शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर होत्या. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेल्याला त्या वर्षी साठ वर्षे झाली होती. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देणारा आपला कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला.