रीमेक, नोंद १४ : नायकाचा झाला निळा डबा

एका गेमचा रीमेक, म्हणजे तोच गेम नव्याने, मी संध्याकाळी बसून बनवतोय. या पंधरवड्यात नवी लेव्हल एकही नाही. उडी मात्र एकदाची जमली. मूळ गेममध्ये बटण सोडलं की वर जायचा वेग तिथल्या तिथे तुटतो, म्हणून हलकं दाबलं की छोटी उडी. मी तेच गुरुत्वाकर्षण वाढवून साधायला बघत होतो आणि पात्र चिखलातून उडाल्यासारखं वाटायचं. शेवटी रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजत बसलो. तीन रात्री गेल्या.

मूळ गेमचा डिकम्पाइल केलेला (तयार प्रोग्रॅममधून उलटा काढलेला) कोड एका मित्राने पाठवला होता, त्यात हे दहा मिनिटांत सापडलं असतं. फाइल उघडलीच नाही. कारण री३, म्हणजे चाहत्यांनी पुन्हा उभा केलेला जीटीए ३ गेमचा कोड. चित्रं-आवाजासाठी त्याला खेळणाऱ्याकडच्या मूळ फाइली लागायच्या, पण कोड रिव्हर्स इंजिनिअरिंगमधून, म्हणजे मूळ प्रोग्रॅम उलगडून काढलेला. २०२१ मध्ये जीटीएच्या मालक कंपनीने, टेक-टूने, थेट खटला भरला. उलट मॉरोविंड या गेमसाठी चाहत्यांनी केलेलं ओपनएमडब्ल्यू इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम) शून्यापासून लिहिलेलं, ते अजून सुखात नांदतंय. उडी किती उंच, यावर कॉपीराइट नसतो. कोड, चित्रं आणि संगीत यांवर असतो.

‘फुकट तर देतोय, मग काय बिघडलं?’ हे मीही म्हणायचो. एएम२आर, निन्टेन्डोच्या मेट्रॉइड २ चा चाहत्याने केलेला रीमेक, फुकटच होता. ऑगस्ट २०१६ मध्ये आला आणि निन्टेन्डोच्या नोटिशीमुळे काही दिवसांत डाउनलोड उतरवावे लागले. पुढच्याच वर्षी मेट्रॉइड २ चा अधिकृत रीमेक आला! स्ट्रीट्स ऑफ रेज रीमेक हे चाहत्यांचं आठ वर्षांचं काम, २०११ मध्ये सेगाच्या सांगण्यावरून खाली. त्याच सेगाने २०१७ मध्ये सोनिक मॅनिया हा गेम फॅनगेमवाल्यांना (चाहते म्हणून गेम बनवणाऱ्यांना) हाताशी धरून केला. व्हॉल्वने तर आपल्या हाफ-लाइफचा चाहत्यांनी केलेला रीमेक, ब्लॅक मेसा, स्टीम या आपल्याच ऑनलाइन दुकानात विकूही दिला. सगळा मालकाच्या मर्जीचा मामला, आणि मर्जीवर मी चार वर्षांच्या संध्याकाळी लावणार नाही. कोर्टापेक्षा मला धास्ती मालकाच्या त्या एका नोटिशीची आहे.

म्हणून मूळ स्प्राइट (पात्रांची चित्रं), गाणी आणि नावही रिपॉझिटरीतून, म्हणजे कोडच्या साठ्यातून काढलं. जुन्या कमिटमध्ये (बदलांच्या नोंदींत) ते उरतातच, त्यामुळे इतिहासही पुसावा लागला (आधी बॅकअप घ्या, मी घेतला नव्हता). यापुढे चित्रं-आवाज खेळणाऱ्याने स्वतःच्या प्रतीतून लोड करायचे. ते लोड करणारा भाग अजून अर्धा आहे, पॅलेट (रंगांचे संच) उलटे येतात.

तोवर नायक म्हणजे १६ बाय ३२ पिक्सेलचा निळा डबा. उडतो मात्र झकास.