कान्हेरी : तीन नंबरच्या लेण्यावरून परत फिरू नका

"वर काही नाही हो, नुसत्या रिकाम्या खोल्या," असं मागच्या खेपेला मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं आणि आम्ही मुकाट परत फिरलो. या ऑक्टोबरात पुन्हा गेलो. काका साफ चुकीचे होते.

आधी लुबाडणुकीचं सांगतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. बसला उशीर दिसला म्हणून एका गाडीवाल्याला तिघांचे सहाशे मोजले. उतरून पाणी पितोय तोच मागून बस हजर! बसच धरा. उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं, सोमवारी बंद.

तीन नंबरचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, सातवाहनांच्या काळातला. व्हरांड्यातल्या सातेक मीटरच्या दोन बुद्धमूर्तींसमोर सेल्फीची रांग असते. आत खांबांच्या माथ्यांकडे बघा, तिथे हत्ती स्तूपाची पूजा करताहेत. पांढऱ्या साड्यांतल्या काही बायका त्रिसरण ही बौद्ध वंदना म्हणत स्तूपाला प्रदक्षिणा घालत होत्या. छान वाटलं. पुढे चला.

आता खरी परीक्षा. वरचा चढ म्हणजे उघडा काळा कातळ आणि त्यात खोदलेल्या झिजलेल्या पायऱ्या. अकरानंतर खडक तव्यासारखा तापतो, सावली फक्त लेण्यात शिरल्यावर. एका उतरत्या टप्प्यावर शेवाळ वाळून नुसती भुकटी झाली होती. मेहुणा बसूनच खाली आला, पँटची वाट लागली. सँडल घालून येणाऱ्यांना हात जोडून नमस्कार. पावसाळ्यात तर हा टप्पा विसराच. लेण्यांच्या क्रमांकांवरही विसंबू नका. आम्ही नव्वद शोधत अर्धा तास भटकलो आणि भलत्याच टाक्याशी जाऊन पोचलो.

पण नव्वद नंबर चुकवू नका. मधोमध कमळ घेतलेला अवलोकितेश्वर, म्हणजे संकटातून तारणारा करुणेचा बोधिसत्त्व, दोन्ही बाजूंना संकटांचे छोटे प्रसंग: हत्ती, सिंह, साप, बुडतं जहाज. सोपारा-कल्याण या जुन्या बंदरांतले व्यापारी या लेण्यांना दान देत, हे शिलालेखांत आहे. ज्यांचा माल समुद्रावर असायचा, त्यांना त्या जहाजासमोर हात का जोडावेसे वाटले असतील, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. इथेच १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत. (आजच्या बदामवाल्या प्रेमिकांनी यातून स्फूर्ती घेऊ नये.)

एक्केचाळीसमध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे: एक मुख्य, वर दहा छोटी मुखं. अंधारात लगेच दिसत नाही. मोबाइलची बॅटरी मी खाली रील बघण्यात संपवली होती, मेहुण्याच्या टॉर्चवर भागवलं.

माणशी दोन लिटर पाणी घ्या, आठच्या आत दारात हजर राहा. आणि खाऊची पिशवी हातात नको, पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. माझी चिक्की माकडानेच खाल्ली.