कॅमेरा बुडत होता तेव्हा मी उठले का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच सगळं लिहून टाकतेय, म्हणजे यापुढे कुणी विचारलं की हेच वाचायला देता येईल. प्रश्न तोच असतो, शब्द तेवढे बदलतात. तळ्याकाठी बदकांचे फोटो काढताना डोळ्यांदेखत कॅमेरा पाण्यात चालला होता, दोन हातांवर होता, मग उठून धरला का नाहीस? काही जण काळजीने विचारतात, काहींच्या आवाजात डोकं फिरलंय का हिचं हे स्पष्ट ऐकू येतं.

मधले प्रश्न आधी उरकते. हो, वेदर सीलिंग होतं, पण ते रबराचे सील पावसाची भुरभुर आणि धूळ अडवायला असतात, कॅमेरा अख्खा पाण्याखाली गेला की ते काय करणार. सुकवायला तांदळात ठेवायचा होतास, हे इतक्यांनी सांगितलंय की आता त्यावर चिडायचंही मी सोडलंय. तळ्याचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात बारीक गाळ असतो, क्षार असतात, आणि बॅटरी आत असली की सर्किट बोर्डावरचं तांबं गंजायला वेळ लागत नाही. बाहेर काढल्यावर मी आधी बॅटरी काढली, चालू करून बघायचा मोह टाळला, करायचं ते सगळं केलं. नाही वाचला. फोटोंचं मेमरी कार्ड मात्र वाचलं, कार्डं बऱ्याचदा वाचतात.

आता खरं काय झालं ते.

बदकांचे फोटो उभं राहून काढले की वरून काढलेले दिसतात, म्हणून काठावर आडवं व्हावं लागतं, लेन्स जवळजवळ पाण्याला टेकवून. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आलं की मागचं सगळं धूसर होतं आणि पक्षी तेवढा उरतो. त्यासाठी अंधारात जाऊन चिखलात पडायचं, लपायला अंगावर जाळी घ्यायची आणि हलायचं नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि कितीही भारी लेन्स असली तरी फोटोत पिसं धूसर येतात, त्यामुळे जे काय मिळायचं ते सकाळच्या पहिल्या तासा-दोन तासांत.

त्या दिवशी मी अशीच पडून होते, मोठा कॅमेरा ६०० एमएमच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्ससकट बुटक्या ट्रायपॉडवर, शेजारी छोट्या झूमचा दुसरा कॅमेरा. गवतातून हळदी-कुंकू बदकाची मादी बाहेर आली आणि तिच्या मागे पिल्लं, पिवळी-तपकिरी, बहुतेक आदल्या दिवशीच अंड्यातून निघालेली. बदकाची मादी शेवटचं अंडं घातल्यावरच उबवायला बसते त्यामुळे सगळी पिल्लं साधारण एकदमच बाहेर येतात आणि दिवसाभरात आईमागे पाण्यात उतरतात. ती पोहत पोहत सरळ माझ्याच दिशेने आली. जवळ आली, अजून जवळ आली, आणि मग इतकी जवळ आली की मोठी लेन्स फोकसच घेईना, कारण चार-साडेचार मीटरच्या आत ती लेन्स कामाची नसते. म्हणून मी त्या लेन्सवरचा हात काढून हळूच छोटा कॅमेरा डोळ्याला लावला. मादी काठावर चढली, चिखलात बसली, पंख थोडे उचलले आणि पिल्लं एकेक करून आत शिरली. तिच्या चोचीचं पिवळं टोक आणि कपाळापाशी चोचीवर असतात ते दोन लाल ठिपके, त्यातल्या एकाला शेवाळाचा बारीक धागा चिकटलेला होता, इतकं स्वच्छ दिसत होतं.

आणि तेवढ्यात काठ खचायला लागला. खालून पाण्याने पोखरलेला असणार, वरून घट्टच वाटत होता. ट्रायपॉडचा पुढचा पाय आत गेला, लेन्सचं वजन सगळं पुढे, आणि तो सावकाश कलायला लागला. सावकाश, हेच लोकांना पटत नाही. पडला असता तर प्रश्नच नव्हता, पण तो इंचाइंचाने जात होता आणि मी डावा हात जाळीखालून सरकवत पट्ट्यापर्यंत नेत होते, बोटं पोचत नव्हती. गुडघ्यावर उठून झेप घेतली असती तर मिळाला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी उठले नाही. मोठा आवाजही झाला नाही, चिखलाने आत ओढून घेतला, वर बुडबुडे आले. मादीने मान ताणून तिकडे बघितलं, एका पिल्लाने पिसांतून डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं. ती आपण होऊन निघून जाईपर्यंत मी तशीच पडून राहिले.

उठले असते तर काय झालं असतं ते सांगते. अशा वेळी मादी पंख मोडल्यासारखी फडफडत लांब जाते, शत्रूने आपल्या मागे यावं म्हणून, आणि पिल्लं जागा मिळेल तिथे घुसतात. एवढ्या लहान पिल्लांना स्वतःची ऊब पुरत नाही, पाण्यातून आली की आईच्या पंखाखाली जावंच लागतं. वर कावळे असतात, घारी असतात. हे माझं उत्तर, आणि मी ते मनापासून देते.

पण पूर्वीची मी हे ऐकून गप्प बसत नाही. नव्या मुलामुलींना मीच सांगायचे, आधी गियर सांभाळा, पक्षी उद्याही येतील. ती म्हणते, मादी दहा मिनिटांत परत आली असती, पिल्लं लपून राहिली असती, तशीही त्यातली बरीचशी उडण्याएवढी होईपर्यंत जगत नाहीत, मग तू नक्की कुणाला वाचवलंस? याला माझ्याकडे उत्तर नाही. ती पिल्लं त्याच संध्याकाळी घारीने नेली असतील तरी मला कळायचा मार्ग नाही. आणि पुढचा सगळा सीझन मी मोठ्या लेन्सशिवाय काढला, थवे समोर उतरताना नुसती बघत बसले, त्याचा त्रास झाला, अजून होतो.

शिवाय एक गोष्ट मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेली नाही. घारी, कावळे, ऊब, हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं का? होतं, पण तेवढंच नव्हतं. हातातल्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये ती आई होती आणि मला तो फोटो हवा होता. एक हात पट्ट्याकडे जात होता तेव्हा दुसऱ्या हाताचं बोट शटरवरच होतं. म्हणून कुणी माझं कौतुक करायला लागलं, केवढा हा पक्ष्यांचा विचार वगैरे, तर मला ते वेडं ठरवण्यापेक्षाही जास्त टोचतं.

पुढच्या वेळी काय करशील, हेही विचारता. आता ट्रायपॉडच्या पायांखाली रुंद फळ्या टाकते, पट्टा मनगटाला बांधते, पोखरलेला काठ आधी काठीने दाबून बघते. एवढं करूनही परत तीच वेळ आली तर मी पडूनच राहीन असं वचन मला कुणाला देता येत नाही, आणि उठेन असंही म्हणवत नाही.