तागडी

1972च्या दुष्काळात मी पाचवीत होते. नगर जिल्ह्यात ज्यांनी तो काळ काढला त्यांना वाटपातल्या सुकडीचा वास आणि मिलो ज्वारीच्या भाकरीचा लाल रंग वेगळा सांगायला नको. बोर्डिंगमधल्या कितीतरी मुलांचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. शनिवारी घरी गेलेली मुलंही तिथंच बसत आणि सोमवारी तळहाताला फोड घेऊन वर्गात येत.

पवित्र शास्त्राच्या तासाला बाई बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय शिकवत होत्या. पत्र लिहिणारा पौल म्हणतो, पुढे जो गौरव प्रकट होणार आहे त्याच्यासमोर आत्ताची दुःखं मोजण्याजोगी नाहीत. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, हे आमच्या आईला सांगा ना. तिचं बोट ठेचलंय." त्याच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता. बाईंनी पुस्तक मिटलं. माझ्या वडिलांचं चौकात छोटं किराणा दुकान होतं, म्हणून मला म्हणाल्या, "उद्या तागडी घेऊन ये." बाकीच्यांना सांगितलं, खडीचा एकेक दगड आणा.

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या टेबलाजवळ तागडी धरून उभी राहिले. एकेक जण येऊन दगड ठेवत होता आणि काय ते सांगत होता. विहीर आटली. बैल विकले. धाकटी गेली. शेवटी बाईंनी स्वतःचा दगड ठेवला आणि "माझा मुलगा" एवढंच म्हणाल्या. तो तापानं गेला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. पारडं खाली गेलं ते गेलंच.

"बाई, दुसऱ्या पारड्यात काय ठेवायचं?"

"ते अजून यायचंय."

मग त्यांनी फळ्यावर 'गुरु' असा शब्द लिहिला. गुरु म्हणजे जड. गुरुत्वाकर्षणातला गुरु तोच आणि गौरव हा शब्दही त्यातूनच आला. बायबलच्या इब्री म्हणजे हिब्रू भाषेतसुद्धा गौरवाला जो शब्द आहे, त्याचं मूळ जडपणातच आहे, म्हणाल्या. पौलानं दगडांना हलकं म्हटलं, ते दुसऱ्या बाजूला काय येणार आहे ते मनात धरून. दगड खोटे आहेत असं तो म्हणत नाही. उलट त्याच अध्यायात पुढे सारी सृष्टी कण्हते आहे, वेणा देते आहे, असं लिहितो. भेगाळलेलं रान खिडकीतून दिसत होतं, त्यामुळे हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. "कण्हा खुशाल," बाई म्हणाल्या, "पण बाळंतिणीसारखं कण्हा. काहीतरी यायचंय म्हणून."

माझा हात भरून आला होता. मी तागडी टेबलावर टेकवणार तोच त्यांनी पाहिलं. "दुखतोय? दुसऱ्या हातात घे. खाली ठेवू नकोस."

पुढे सातवीत त्यांनी आम्हाला केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला नेलं होतं. दौंडला गाडी बदलताना फलाटावर बसून त्यांनी रमाबाईंची गोष्ट सांगितली. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती पटकीनं गेले. उरली होती एकुलती मनोरमा, तीही जुलै 1921मध्ये गेली. आणि रमाबाई? बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराची छपाईआधीची मुद्रितं तपासत राहिल्या. काम पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. स्वर्गाची आशा धरणारा माणूस हातपाय गाळून वर बघत बसतो, असं कुणी म्हणालं की मला त्या मुद्रितांची आठवण होते. मुलीच्या मागे आठ-नऊ महिने ती बाई काना-मात्रा तपासत होती.

मी मिरजेला नर्सिंग शिकले, नोकरी केली, संसार केला. 2003मध्ये माझा सतरा वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगानं गेला. चौदा महिने उपचार चालले. त्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांपैकी एकानं मला ऐकवलं, की विश्वास कमी पडला असेल. दुसरं कुणी म्हणालं, तो देवाघरी सुखात आहे, रडू नको. ही दोन वाक्यं मी आजही कुणासमोर उच्चारत नाही, आणि परिचारिका म्हणून अशा पुष्कळ खाटांशेजारी उभी राहिले आहे. बाई एसटीनं आल्या. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली असेल. दोन दिवस राहिल्या, भांडी घासली, रात्री माझ्या शेजारी झोपल्या. बायबलचं वचन एकही काढलं नाही. निघताना त्यांच्या पिशवीत डबा ठेवताना मीच म्हणाले, "बाई, पारडं फार खाली गेलंय." त्या माझा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

मुलगा पुन्हा दिसेल, या आशेवर मी जगते. कुणी समजूत घातली म्हणून नव्हे. येशू उठला हे खरं मानते, म्हणून हेही खरं मानते. सकाळी उठून कामाला जायला मला तेवढं पुरलं. रोज पुरलं असं मात्र नाही.

बाईंची शेवटची भेट 2016मध्ये झाली. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, माणसं नीट ओळखत नव्हत्या. मी जवळ बसून नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं, "बाई, मी तागडीवाली." त्यांनी डोळे उघडले.

"हात दुखतो का गं?"

"दुखतो, बाई."

"दुसऱ्या हातात घे."