ड्रॅगनवर ढकललेला खून

क्राकूफच्या वावेल टेकडीवर चढलो ते खरं तर पोलंडच्या राजांच्या समाध्या बघायला. पण बरोबर नऊ वर्षांचा भाचा होता, त्यामुळे राजे मागे पडले आणि ड्रॅगन पुढे आला.

कॅथिड्रलच्या दाराशीच भिंतीवर साखळीनं टांगलेली भलीमोठी हाडं दिसतात. लोक म्हणतात ड्रॅगनची. जाणकारांच्या मते मॅमथ, गेंडा आणि देवमासा यांची. ती खाली पडली की जग बुडणार म्हणे. भाच्यानं आधी साखळी नीट निरखली, मगच आत पाऊल टाकलं.

टेकडीच्या कडेनं 135 पायऱ्यांचा गोल जिना उतरलं की ‘स्मोचा यामा’, म्हणजे ड्रॅगनची गुहा. चुनखडीची, गार, ओलसर. जवळपास 270 मीटर लांबीपैकी जेमतेम 81 मीटर चालता येते. दहा मिनिटांत आम्ही बाहेर, थेट विस्तुला नदीच्या काठावर. तिथे ब्रॉनिस्वाव ख्रोमी या शिल्पकारानं घडवलेला ड्रॅगन 1972पासून उभा आहे आणि थोड्या थोड्या वेळानं तोंडातून खरीखुरी आग ओकतो. गॅसची असली तरी पोरं किंचाळतातच. (मीही दचकलो, पण ते असो.)

“मामा, ह्याला मारलं कुणी?”

गाडीवरून घेतलेलं ओबवाझानेक, म्हणजे खसखस लावलेलं पावाचं कडं, चघळत मी त्याला सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगितली. बकासुराला गाडाभर अन्न पोचवावं तशी या ड्रॅगनला गुरंढोरं द्यावी लागत. इथे मात्र भीम नाही. स्कुबा नावाच्या जोडे शिवणाऱ्या पोरानं मेंढ्याच्या कातड्यात गंधक भरून ते गुहेपुढे ठेवलं. ड्रॅगननं गिळलं, पोटात आग पेटली, तो नदी पीत सुटला आणि फुटला. भाचा खूश.

मला मात्र जुनी गोष्ट जास्त भावते, आणि ती मी त्याला सांगावी की नाही या विचारात होतो. साधारण 1200च्या सुमाराला विंसेंटी कादवुबेकनं लॅटिनमध्ये इतिहास लिहिला. पुढे तो क्राकूफचा बिशपही झाला. त्याच्या गोष्टीत स्कुबा नाहीच. राजा क्राक आपल्या दोन मुलांना पाठवतो. समोरासमोर जमत नाही, म्हणून तेच कातड्यात गंधक भरतात. ड्रॅगन मरतो. मग धाकटा थोरल्याला तिथेच ठार करतो आणि बापाला सांगतो, ड्रॅगननं मारलं! मेलेला ड्रॅगन कुठे साक्ष द्यायला येणार? धाकटा राजा होतो. पुढे बिंग फुटतं, त्याला हाकलतात आणि बहीण वांदा गादीवर बसते.

शेवटी सांगितलीच. पोरगं बराच वेळ गप्प होतं.

संध्याकाळी नदीपलीकडे क्राकच्या टेकाडावर गेलो. माणसांनी माती रचून उभारलेला 16 मीटर उंचीचा ढीग, राजाची समाधी म्हणून ओळखला जाणारा. 1930च्या दशकात पुरातत्त्ववाल्यांनी तो खणला. राजा काही सापडला नाही.

“आणि थोरल्या भावाचं टेकाड कुठंय?” भाच्यानं विचारलं.

खाली शहरात दिवे लागत होते. मी उरलेलं कडं त्याच्या हातात दिलं.