जुवे 1683: टेबल कुठवर आलाय

नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने ओहोटी साधून रात्री पोर्तुगीजांकडून गोव्यातलं जुवे, म्हणजे सांत इस्तेव बेट घेतलं. ती लढाई वॉरगेम म्हणून, 28 मिमी उंचीच्या छोट्या सैनिकांनी, 6 बाय 4 फुटांच्या टेबलावर मांडायची आहे. मिनी (म्हणजे ते सैनिक) फोंड्यात, टेरेन (तटबंदी, जमीन) म्हापशात, पाणी मडगावात अशी कामाची वाटणी आहे. मराठा पायदळाचे 48 पैकी 30 पूर्ण, पोर्तुगीज फक्त प्राइम झालेत, म्हणजे रंगाआधीचं अस्तर लागलंय.

प्राइमिंगचं आधी सांगतो, कारण या दिवसांत सगळं तिथेच फसतं. पावसाळ्यात स्प्रेचा डबा उघडूच नका. आर्द्रता 80 टक्क्यांपुढे गेली की प्रायमर खरखरीत बसतो आणि मॅट वॉर्निश पांढरं पडतं. पांढरं पडलंच तर ब्रशने ग्लॉसचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा रंग परत येतो. सध्या ब्रशने लावायचा पॉलियुरेथेन प्रायमर वापरतोय: दोन पातळ हात, मग 24 तास हात लावायचा नाही. त्याआधी घासलात तर सालीसारखा सुटतो. एअरब्रश असेल तर नळीत पाण्याचा सापळा हवाच, नाहीतर मध्येच थेंब थुंकतो.

कातडीचा पहिला रंग तांबूस तपकिरी, वर गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग). हायलाइटला पांढरा मिसळू नका, चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. पिवळी माती मिसळा. मुंडासं आणि धोतर थेट पांढरं नको. राखाडी-बेजवरून चढत जा, निव्वळ पांढरा फक्त चुण्यांच्या माथ्यावर. पांढरा पाण्याने फार पातळ केला की खडूसारखा वाळतो, त्यात मॅट मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगी माध्यम) घाला. आणि सगळी फौज भगवी करू नका, भगवा निशाणावर शोभतो. पोर्तुगीजांना 18 व्या शतकातले निळे गणवेश चढवू नका. तपकिरी, करडे, मळकट लाल असे मिसळून कोट द्या. हल्ला रात्रीचा, म्हणून तोड्याच्या (जळत्या वातीने बार काढायच्या) बंदुकीची वात पेटलेली हवी: टोकाला नारिंगी ठिपका, मागे राखेचा करडा.

तटबंदीला जांभा. आजचा चिरा साधारण 14 इंच लांब, 7 इंच उंच धरला तर 28 मिमीच्या 1:56 प्रमाणात 6.3 बाय 3.2 मिमी होतो. एक्सपीएस (घट्ट थर्माकोलसारख्या) फोमवर पेन्सिलने सांधे कोरायचे, मग चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून भोकं पाडायची. नुसता गोळा फिरवला तर ग्रॅनाइट वाटतो, म्हणून सुईने जागोजागी खोल टोचायचं. जांभ्याची ओळख त्या भोकांतच आहे. वर फेविकॉल आणि काळ्या रंगाचा जाड हात. तो चुकवून स्प्रे मारला तर त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं. मग गडद विटकरी, त्यावर नारिंगी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग), कडांना थोडा पिवळा. शेवटी वरून खाली काळपट हिरवे ओघळ काढायचे. स्वच्छ जांभा गोव्यातला वाटतच नाही.

मिनीच्या पायाखालच्या बेससाठी घराजवळची लाल माती चालते, पण चहाच्या गाळणीने गाळून ओव्हनमध्ये 120 अंशांवर अर्धा तास भाजा, नाहीतर बेसवर बुरशी येते. गोंदाने ती काळवंडते, वाळल्यावर ड्रायब्रशने उजळा. गवताला काथ्याचे तंतू कापून.

मडगावचं काम सगळ्यात नाजूक. खाजनाचा (भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचा) बांध चिखलापासून 25 मिमी उंच, मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची) दारं आइस्क्रीमच्या काड्यांची, बरीच गडद रंगवलेली. पाणी इपॉक्सीचं, एका वेळी 3 मिमीच थर. जाड ओतला तर तापून पिवळा पडतो आणि खालचा फोमही वितळू शकतो. दमट हवेत वर तेलकट चिकट पापुद्रा येतो. पुढचा थर ओतण्याआधी तो कोमट साबणपाण्याने धुऊन पूर्ण सुकवायचा, नाहीतर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. हार्डनरचं प्रमाण वजनाने की मापाने, हे डब्यावर बघूनच मिसळा. ओहोटी दाखवायची म्हणून मधल्या वाटेवर पाणी 2 मिमीच ठेवलंय, दगड उघडे.

उरलंय: 18 मावळे, पोर्तुगीज सगळे, माडांची झावळं. वॉर्निशचा स्प्रे दिवाळीनंतर.