सफारी रॅली: एकच वळण धरा आणि तिथेच थांबा

ताई-दाजी नैरोबीला राहायला गेले तेव्हापासून मनात होतं, केनियातली सफारी रॅली, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरची मोटारींची शर्यत, बघायचीच. जून २०२३ मध्ये योग आला. शनिवारी पहाटे चारला निघालो. जूनमध्ये तिकडे थंडी असते, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागलं.

रॅलीचा तळ नैवाशाला, नैरोबीपासून साधारण ९० किलोमीटरवर. शनिवारचे टप्पे, म्हणजे शर्यतीसाठी बंद केलेले रस्त्याचे तुकडे, जिथे गाड्या एकामागून एक सुटतात आणि प्रत्येकीची वेळ मोजतात, मात्र आणखी पुढे, एल्मेंतेइता सरोवराच्या आसपास. आम्ही ‘स्लीपिंग वॉरिअर’ हा जवळजवळ ३१ किलोमीटरचा टप्पा धरला. तिथला डोंगर लांबून उताणा झोपलेल्या योद्ध्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. दाजींचा आग्रह होता की दिवसात तीन ठिकाणं करायची. बरं झालं, ते केलं नाही. रस्ते शर्यतीच्या बऱ्याच आधी बंद होतात, आणि या टप्प्यावरून त्या टप्प्यावर पळण्यात गाड्या हुकतात. प्रत्येक टप्पा सकाळी आणि दुपारी असा दोनदा होतो, त्यामुळे एकाच जागी बसूनही दोन फेऱ्या बघायला मिळतात.

भाड्याने घेतलेली गाडी छोटी होती, ती आत जाताना रुतली. तिथली धूळ आपल्या फुफाट्याच्याही पलीकडची. फेश-फेश म्हणतात तिला. वरून रस्ता सपाट दिसतो, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत, आणि बोटांत धरली तर गव्हाच्या पिठासारखी मऊ. सहा-सात पोरांनी मिळून गाडी ढकलून बाहेर काढली. तुम्ही जाल तेव्हा उंच गाडीच घ्या.

जागा निवडताना आधी वारा बघा. वारा आपल्या पाठीकडून रस्त्याकडे वाहत असेल तर धूळ समोरच्या बाजूला जाते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे गाडी घसरली तर जिकडे येईल तिकडे, कधीही उभं राहू नका. आतल्या बाजूचा उंचवटा शोधा. मार्शल मागे व्हा म्हणाला की लगेच मागे व्हायचं, फोटो राहिला तरी.

आमच्या उंचवट्यावर एक वयस्कर सरदारजी घडीची खुर्ची टाकून बसले होते. नैरोबीतच जन्मलेले. १९७४ ला केनियातले भारतीय वंशाचे चालक जोगिंदर सिंग लॅन्सर गाडी घेऊन ही रॅली जिंकले, तेव्हा हे सरदारजी शाळेत होते. सांगताना हात स्टिअरिंगवर असल्यासारखे फिरत होते. जोगिंदर तीनदा जिंकले, १९६५, १९७४ आणि १९७६. तसेच भारतीय वंशाचे शेखर मेहता तर पाचदा, १९७३ आणि मग १९७९ पासून सलग चार वर्षं. आपल्याकडे ही नावं किती जणांना माहीत आहेत? मला फार वाटलं, यांच्याबद्दल शाळेत असतानाच कुणी सांगायला हवं होतं.

मग हेलिकॉप्टर दिसलं. त्याच्या खाली धुळीची लांब रेघ. आवाज आधी डोंगराआडून, मग एकदम समोर. टोयोटा यारिस वळणावर आडवी झाली, चारही चाकं खडी उडवत होती, आणि एवढासा खडा माझ्या बुटाला लागून थांबला. दहा सेकंदांत सगळं संपलं. ताईच्या चहात धुळीचा पातळ थर बसला होता. तिने तो ओतून दिला नाही, तसाच प्यायली.

शनिवारी सर्वांत वेगवान गाड्यांच्या वरच्या गटात आघाडीवरचा गडी शेवटी सुटतो, म्हणून पहिल्या तीन-चार गाड्या बघून उठू नका. आघाडीवर असलेला फ्रेंच चालक ओजिए या गटात सर्वांत शेवटी आला. त्यांच्यामागून केनियाचे चालक आले आणि सगळ्यांत मोठा जल्लोष त्यांना मिळाला. पोरं झाडांच्या फांद्या हलवत रस्त्याकडेला नाचत होती.

रविवारची शेवटची फेरी ताईकडे टीव्हीवर बघितली. साडेतीनशे किलोमीटरहून जास्त शर्यत होऊन जिंकलेला ओजिए आणि दुसरा आलेला रोवानपेरा यांच्यात फरक अवघा ६.७ सेकंदांचा! पहिल्या चारही गाड्या टोयोटाच्या. शनिवारी आमच्यासमोरून गेलेल्या त्या दहा सेकंदांचा अर्थ मला तेव्हा कळला.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. २०२४ पासून रॅली मार्चमध्ये होते. पावसाळा तेव्हा तोंडावर असतो, म्हणजे धुळीच्या जागी चिखलही मिळू शकतो. गमबूट आणि रेनकोट न्या. नाकातोंडाला उपरणं, डोळ्यांना चष्मा, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी. पाणी आणि जेवण घरून. भाजलेलं कणीस मिळतं, पण त्यावर दिवस निघत नाही. टपरीवाल्यांकडे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देणं, चालतं, तरी सुटे शिलिंग ठेवा. परतताना नैरोबीचा रस्ता ट्रकांनी तुंबतो. शक्यतो नैवाशातच मुक्काम करा, खोली काही महिने आधी धरा.

आणि भारतातून जात असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, परत आल्यावर विमानतळावर मागतात.